हातातली दोरी

शेजारच्या आजोबांनी घर विकायला काढलं, तेव्हा गॅरेजमधलं सगळं सामान बाहेर हिरवळीवर आणून मांडलं. बर्फ उपसायची फावडी, मासेमारीचे गळ, मुलांच्या लहानपणच्या सायकली. त्या पसाऱ्यात एक पिवळी लाकडी फळी होती. चार फूट लांब, रुंदीला वीतभरही नाही. पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं वर वळलेलं, टोकाला भोक, आणि त्या भोकात गाठ मारलेली काळवंडलेली दोरी. पाय ठेवायच्या जागी धातूचे बारीक काटे ठोकलेले. माझी लेक अकरा वर्षांची आहे, गेले चार हिवाळे स्नोबोर्डिंग करते, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरते. तिने फळी उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "यात पाय कुठे अडकवायचे?"

"अडकवायचे नाहीत," आजोबा म्हणाले. "दोरी धरायची."

फळी त्यांनी तिला देऊन टाकली. पैसे घेतले नाहीत.

आम्ही मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्समध्ये राहतो. इथून पश्चिमेला पाऊण तासावर, मिशिगन सरोवराच्या काठावर मस्कीगन आहे. उन्हाळ्यात आम्ही तिथे पोहायला जातो. सरोवर कसलं, समुद्रच तो, पलीकडचा काठ दिसत नाही. खारा वास तेवढा नसतो, आणि कोकणातून आलेल्या माणसाला तो नसल्याचं पटकन जाणवतं. काठाने वाळूचे उंच डोंगर आहेत. हिवाळ्यात पश्चिमेकडचा कोरडा गार वारा या पाण्यावरून येतो, वाटेत बाष्प उचलतो आणि काठ लागला रे लागला की सगळं बर्फ करून खाली टाकतो. वाळूच्या टेकड्या मग बर्फाच्या होतात. फळीवर कोरलेलं नाव वाचून मी शोध घेतला तेव्हा कळलं, की ती याच टेकड्यांत जन्मली. तिचं नाव स्नर्फर. आज जगभर ज्याला स्नोबोर्डिंग म्हणतात, त्याची आताची वाट तिथून फुटली.

१९६५ सालचा नाताळचा दिवस. मस्कीगनमध्ये शर्मन पॉपेन नावाचे एक अभियंते राहत. वेल्डिंगसाठी लागणाऱ्या वायूंचा त्यांचा व्यवसाय होता. बायको नॅन्सी गरोदर, तिसऱ्या खेपेची. घरात दोन मुली, सुट्टीचा दिवस, आणि त्यांचा धुडगूस. मुलींना थोडा वेळ बाहेर घेऊन जा, एवढंच तिचं मागणं होतं. ज्या बाईने गरोदरपणात घरात हुंदडणारं मूल सांभाळलं आहे, तिला या मागण्याची किंमत वेगळी सांगायला नको. पॉपेन मुलींना घेऊन घराजवळच्या टेकडीवर गेले. थोरली वेंडी घसरगाडीवर बसायचं सोडून उभी राहून घसरायला बघत होती. पॉपेनना ते दृश्य पाहून लाट आठवली. समोरची बर्फाने झाकलेली टेकडी म्हणजे जागच्या जागी थांबलेली लाटच. मग तिच्यावर फळी घेऊन उभं का राहता येऊ नये?

ते घरात गेले, मुलांच्या खेळातल्या दोन स्की काढल्या, शेजारी शेजारी ठेवल्या आणि वरून आडव्या पट्ट्या स्क्रूने जोडल्या. पाय घसरू नये म्हणून त्याच पट्ट्या उपयोगी पडल्या. झालं. त्या दुपारी वेंडी उभी राहून टेकडी उतरली, आणि थोड्याच दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक पोराला तसली फळी हवी झाली. स्नो आणि सर्फर हे शब्द जोडून 'स्नर्फर' हे नाव नॅन्सीने दिलं. पुढे पॉपेननी टोकाला दोरी बांधली. दोरीने तोल सांभाळता यायचा, टोक वर धरता यायचं, आणि माणूस पडला तर फळी एकटीच पायथ्याशी पळून जायची नाही.

या गोष्टीतली तीन माणसं मी मनात एका रांगेत ठेवते. उभी राहिली ती मुलगी. नाव ठेवलं ते आईने. जोडकाम केलं ते बापाने. पेटंट एकाच्या नावावर निघालं, कारण कागदाची रीतच तशी असते. पेटंटसाठी अर्ज १९६६ साली झाला आणि १९६८ साली ते मिळालं. पण त्या दुपारचं मूळ कुठे होतं असं मला कुणी विचारलं, तर मी वेंडीच्या पायांकडे बोट दाखवीन. बसून घसरायची वस्तू होती, आणि ती मुलगी उठून उभी राहिली. बाकी सगळं त्यानंतरचं.

ब्रन्सविक ही बोलिंग आणि बिलियर्ड्सचं सामान बनवणारी कंपनी. तिने १९६६ मध्येच स्नर्फर बनवायचा हक्क घेतला. पुढच्या दहा-बारा वर्षांत सुमारे दहा लाख स्नर्फर विकले गेले. खेळण्यांच्या दुकानात, नाताळच्या सुमाराला. विकत घेणाऱ्यांना ते खेळणंच वाटत होतं, आणि तेच बरं झालं. खेळाच्या सामानाला नियम लागतात, प्रशिक्षक लागतो, टेकडीवर जायचं तिकीट लागतं. खेळण्याला फक्त घरामागचा उतार पुरतो. १९६८ पासून मस्कीगनमध्ये स्नर्फरच्या शर्यती भरू लागल्या. आमचे शेजारी आजोबा तेव्हा विशीत होते. ते शर्यतीत कधी उतरले नाहीत, पण बघायला जात.

याआधी कुणी बर्फावर फळी घेऊन उभंच राहिलं नव्हतं, असं मात्र नाही. तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या वर, कच्कार डोंगरांत पेत्रान नावाचं खेडं आहे. तिथले लोक साध्या लाकडी फळीवर उभे राहून बर्फ उतरतात. एका हातात फळीच्या टोकाला बांधलेली दोरी, दुसऱ्या हातात सुकाणूसारखी काठी. आमच्या आज्या-पणज्यांच्या वेळेपासून हे चालत आलंय, असं ते सांगतात. शर्यत नाही, पेटंट नाही, दुकानही नाही. बाहेरच्या स्नोबोर्डरांना हे गाव सापडलं तेव्हा त्या पोरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हातात दोरी होतीच. अमेरिकेतही १९३९ साली व्हर्न विकलंड आणि बर्गेसन बंधूंनी बर्फावरच्या अशाच एका फळीचं पेटंट घेतलं होतं, आणि त्याच्याही दहा वर्षं आधी जॅक बर्चेट नावाच्या माणसाने प्लायवूडच्या तुकड्यावर कपडे वाळत घालायच्या दोरीने आणि घोड्याच्या लगामाने पाय बांधून पाहिल्याचं सांगतात.

लगामाचं वाचलं तेव्हा मला आमचं शेत आठवलं. भातलावणीआधी चिखलणी झाली की चिखल सारखा करायला बैलांमागे आडवी फळी लावत. फळीला वजन हवं म्हणून मला तिच्यावर उभं करायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. कासरा माझ्या आजोबांच्या हातात, पण त्याचं मोकळं टोक माझ्या मुठीत. फळी चिखलावरून सुळकन निघाली की पोटात खड्डा पडायचा, आणि दोरी धरलीय म्हणजे आपणच हाकतोय असं वाटायचं. बर्फ मी पहिल्यांदा पाहिला तो एकोणतिसाव्या वर्षी. पण पेत्रानच्या माणसांचे गुडघे कसे वाकलेत, ते पाहताच ओळखता आलं.

स्नर्फर मिळालेल्या त्या लाखो पोरांमधला एक होता जेक बर्टन कारपेंटर. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढलेला मुलगा. चौदाव्या वर्षी त्याला स्नर्फर मिळाला. त्याचं पोरवय सोपं नव्हतं. मोठा भाऊ जॉर्ज व्हिएतनामच्या युद्धात मारला गेला, आणि जेक सतरा वर्षांचा असताना आई ल्युकेमियाने गेली. त्या वयात घरातली दोन माणसं गेलेला मुलगा टेकडीवर एका फळीत काय शोधत असेल, हे सांगणारी मी कोण. पण त्याने ती फळी सोडली नाही, एवढं खरं. बाकीच्यांचे स्नर्फर गॅरेजात गेले. याच्या डोक्यात मात्र एकच चाललेलं: ही वस्तू याहून चांगली होऊ शकते, आणि कुणीच ते करत नाहीये.

न्यूयॉर्क विद्यापीठातून अर्थशास्त्र घेऊन तो पदवीधर झाला, मॅनहॅटनमध्ये नोकरी धरली आणि काही महिन्यांत सोडली. १९७७ च्या डिसेंबरात तो व्हरमाँटमधल्या लंडनडेरी या छोट्या गावी गेला. वय तेवीस. आजीकडून वारशात आलेले पैसे होते, ते त्याने लाकडात घातले. एका घराची राखण करायची, दिवसा कोठारात फळ्या कापायच्या, रात्री बारमध्ये दारू वाढायची. लाकूडकामाचं शिक्षण नव्हतं. शंभरेक नमुने करून पाहिले. एक जड व्हायचा, दुसरा मोडायचा, तिसरा बर्फात नाक खुपसायचा. शेवटी जो जमला, तो लाकडाचे थर चिकटवून केलेला होता, आणि त्यात महत्त्वाची गोष्ट एकच: पायावरून जाणारा पट्टा. दिवसाला पन्नास बोर्ड सहज विकले जातील, असा त्याचा हिशोब होता. पहिल्या वर्षभरात मिळून विकले गेले तीनशे.

त्या तीनशेवर मी बराच वेळ थांबले. आपण ही गोष्ट शेवटाकडून वाचतो, म्हणून तीनशे हा आकडा पहिली पायरी वाटतो. त्याच्यासाठी तेव्हा ते अपयशच होतं. आजीचे पैसे संपत आलेले, मित्र शहरात नोकऱ्यांत बसलेले, आणि हा गाडीत फळ्या भरून दुकानोदुकानी जातोय. दुकानदार फळी हातात घेऊन विचारत, हे काय आहे? आपण बनवलेली वस्तू काय आहे, हेच जिथे तिथे समजावून सांगावं लागणं किती दमवणारं असतं, ते घरगुती धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा. दुसऱ्या वर्षी सातशे गेले. तो टिकला. नवा शोध लावल्याचा दावा त्याने केला नाही, श्रेय तो पॉपेननाच द्यायचा. त्याचं मोठेपण मला चिकाटीत दिसतं, आणि मला ते शोधापेक्षा कमी वाटत नाही.

तेव्हा आणखी माणसं आपापल्या कोपऱ्यात याच कामाला लागली होती. दिमित्रिए मिलोविच हा समुद्रावर सर्फिंग करणारा. त्याने विद्यापीठ सोडलं, युटाच्या डोंगरांत गेला आणि १९७२ साली विंटरस्टिक नावाने बोर्ड बनवू लागला. मांडीभर खोल भुसभुशीत बर्फासाठी त्याने मागचं टोक पाकोळीच्या शेपटीसारखं दुभंगलेलं केलं, म्हणजे मागचा भाग थोडा बुडतो आणि पुढचं नाक आपोआप वर येतं. न्यू जर्सीत टॉम सिम्स नावाच्या मुलाने १९६३ सालीच शाळेच्या सुतारकामाच्या तासाला बर्फावर चालवायची फळी बनवली होती. बर्फामुळे त्याचा स्केटबोर्ड बंद पडायचा, म्हणून. पुढे तो कॅलिफोर्नियाला गेला, स्केटबोर्डचा धंदा काढला, आणि बर्फाकडेही त्याच नजरेने पाहिलं. मिलोविचला उतारात लाट दिसायची, सिम्सला पदपथाचा कठडा. पहिला कोण, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. मला ती भांडणं समजतात, पण त्यांचा निकाल लागावा असं वाटत नाही.

दोरी सुटायला सुरुवात झाली ती मिशिगनमध्येच, १९७९ साली. ग्रँड रॅपिड्सजवळच्या पँडो नावाच्या टेकडीवर स्नर्फरची स्पर्धा होती. जेक व्हरमाँटहून स्वतःचा बोर्ड घेऊन आला, पायाला पट्टे असलेला. इतरांनी हरकत घेतली. हा स्नर्फर नाही, आणि यात पाय बांधलेले आहेत, मग शर्यत बरोबरीची कशी? हरकत रास्तच होती. पण तिथला नावाजलेला स्नर्फर खेळाडू पॉल ग्रेव्ह्ज आणि आणखी काही जण म्हणाले, येऊ द्या त्याला. मग आयोजकांनी खुला गट नावाचा नवा गट काढला. त्यात नाव एकाच माणसाचं, जेकचं. तो उतरला आणि पहिला आला. त्याच दिवशी ग्रेव्ह्जने दोरीच्या फळीवर उतरता उतरता चार गोल गिरक्या घेतल्या, एक गुडघा टेकून काही अंतर घसरला, आणि शेवटच्या रेषेवर पुढे कोलांटी मारून खाली आला. लोक खूश झाले.

ती टेकडी आमच्या घरापासून लांब नाही. त्या एका दुपारी जुनं आणि नवं शेजारी शेजारी उतरलं. ज्याचं जुन्यावर प्रभुत्व होतं, तोच नव्याला जागा द्या म्हणाला. १९८२ साली याच ग्रेव्ह्जने व्हरमाँटच्या वुडस्टॉकजवळ, तेव्हा सुइसाइड सिक्स म्हणवल्या जाणाऱ्या स्कीच्या डोंगरावर या नव्या फळ्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. टॉम सिम्स तिथे ताशी ६० मैलांच्या वेगाने सरळ उतरला आणि डाउनहिल, म्हणजे सरळ उताराची शर्यत, जिंकला. पुढे ही स्पर्धा जेकने चालवली. यूएस ओपन म्हणून ती मोठी झाली.

'स्नर्फ' हे नाव पॉपेनच्या मालकीचं होतं, म्हणून इतरांना दुसरं नाव शोधावं लागलं. स्नोबोर्ड हा शब्द रुळला तो असा. आणि दोरी? जेकच्या पहिल्या बोर्डांनाही टोकाला दोरी होती. पायाला पट्टे, हातात दोरी, असं दोन्ही. पण स्नर्फरला धातूची धार नव्हती, कडक बर्फावर तो आडवा घसरत जायचा. ऐंशीच्या दशकात बोर्डांना स्कीसारख्या पोलादी कडा आल्या. जेक ऑस्ट्रियाला जाऊन स्की बनवणाऱ्यांकडून हे काम करवून घेऊ लागला. जेफ ग्रेलने टाचेमागे उंच पाठ असलेली बाइंडिंग, म्हणजे पाय बोर्डला धरून ठेवणारी पकड, काढली. तिच्यामुळे टाच दाबली की बोर्डाची मागची कड बर्फात रुतू लागली. चवड्यावर भार दिला की पुढची कड, टाचेवर दिला की मागची. वळण या दोन कडांवर बेतलेलं. एकदा पायांना हे जमलं की हातांना काम उरलं नाही. दोरी निघून गेली. तिकडे कॅलिफोर्नियात, टाहो सिटीत कचरा डेपोजवळ सापडलेल्या एका नैसर्गिक खोलगटीत टेरी किडवेल आणि त्याचे मित्र मोकळ्या हातांनी हवेत उडू लागले. तो पुढच्या हाफपाइपचा, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या घळीचा, आरंभ.

या सगळ्या वर्षांत स्नोबोर्डवाल्यांना डोंगरावर नेणारी लिफ्ट मिळत नव्हती. स्कीच्या डोंगरांवर बोर्डला मज्जाव. विम्यात बसत नाही, हे सांगायचं कारण. ही उनाड पोरं आमच्या गिऱ्हाइकांना धडकतील, हे मनातलं. म्हणून ते चालत चढायचे. तासभर चढण, दोन मिनिटं उतरण, पुन्हा चढण. १९८३ साली व्हरमाँटच्या स्ट्रॅटन डोंगराने त्यांना आत घेतलं. मोठ्या डोंगरांमध्ये तो पहिल्यांपैकी. सुरुवातीला बोर्ड नीट थांबवता येतो हे दाखवून परवाना घ्यावा लागे. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या शंभरातल्या जेमतेम सात डोंगरांनी दार उघडलं होतं. १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आलं. तेव्हाचा सर्वांत मोठा खेळाडू मानला जाणारा नॉर्वेचा टेर्ये हाकोन्सन तिथे गेलाच नाही. आमचा खेळ स्कीवाल्यांच्या संघटनेच्या हाती का, हा त्याचा प्रश्न होता. युटातल्या आल्टा आणि डिअर व्हॅलीत आणि व्हरमाँटच्या मॅड रिव्हर ग्लेनमध्ये अजूनही बोर्डला बंदी आहे. माझ्या लेकीला हे सांगितलं तर तिला खरं वाटेना.

पॉपेन सदुसष्टाव्या वर्षी स्वतः स्नोबोर्डिंग शिकले. मुलींसाठी फळी जोडणारा बाप तीस वर्षांनी तिच्या वंशजावर उभा राहिला, हे वाचून मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. ३१ जुलै २०१९ ला ते गेले, एकोणनव्वद वर्षांचे होऊन. जेकला आधी कॅन्सरने गाठलं होतं. २०१५ साली तर एका दुर्मीळ आजाराने त्याला काही काळ पूर्ण जखडून टाकलं. ज्याने आयुष्यभर तोल शिकवला, त्याला पापणीही उघडता येईना. तो त्यातून उठला आणि पुन्हा डोंगरावर गेला. कॅन्सर परत आला. २० नोव्हेंबर २०१९ ला, पासष्टाव्या वर्षी, तोही गेला. एकाच वर्षात, चार महिन्यांच्या आत, दोघंही.

शेजारच्या आजोबांच्या फळीची दोरी कुजलेली होती. लेकीने पहिला हिसका दिला तशी ती भोकाशीच तुटली. मी कपडे वाळत घालायची सुती दोरी आणली, लेकीला फळीवर उभं केलं, दोरी तिच्या कमरेपर्यंत मोजली आणि गाठ मारली. माझे आजोबा बैलांच्या कासऱ्याला मारायचे, तीच गाठ. हाताला अजून येते.

जानेवारीत मस्कीगनला गेलो. सरोवराच्या काठाला बर्फाची ढेपळं साचलेली, वारा कानात शिरत होता. टेकडीवर आम्ही दोघीच. ती पहिल्यांदा पडली, दुसऱ्यांदा पडली. पाय मोकळे असण्याची तिला भीती वाटत होती. बोर्डवर पाय बांधलेले असतात म्हणून तिला कसलंच भय वाटत नाही, आणि इथे काटे नुसते बुटाला चावत होते. पाचव्या-सहाव्या वेळी तिने दोरी घट्ट ओढली, मागे रेलली आणि गुडघे वाकवले. फळी सुळकन निघाली. मधल्या उंचवट्यावर नाक थोडं उचललं, ती हलली, सावरली, आणि उभीच्या उभी पायथ्याशी जाऊन थांबली. खालून तिने काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही.

मग ती वर यायला निघाली. दोरी तिने खांद्यावर टाकली होती, आणि फळी तिच्या मागून बर्फात रेघ ओढत येत होती.